पुडीचा हिशोब

(रोज खर्च होणारी लहान रक्कम आपल्या नजरेत भरत नाही. तीच रक्कम वर्षाच्या शेवटी किती होते, हे गणिताच्या मदतीने पाहता येते. बिडी आणि खर्रा यांवर होणाऱ्या खर्चाचा हिशोब या पाठात मांडला आहे. पाठ वाचताना कागद आणि पेन्सिल जवळ ठेवा.)

मुलांनो, एक सोपा प्रश्न विचारतो. साठ रुपये ही मोठी रक्कम आहे की लहान?

तुम्ही म्हणाल, "सर, लहानच. साठ रुपयांत काय येते?" तुमचे म्हणणे बरोबर आहे. एका दिवसाचे साठ रुपये लहानच असतात. पण तेच साठ रुपये रोज खर्च होत असतील तर? मग उत्तर देण्याआधी आपल्याला हिशोब करावा लागेल.

हिशोबाची तुम्हांला भीती वाटायला नको. हिशोब, रक्कम, जमा, खर्च, बाकी हे मराठी शब्द तुमच्या ओळखीचेच आहेत. हे सगळे शब्द फारसी आणि अरबीतून मराठीत आले आणि येथेच राहिले. 'वजाबाकी' या शब्दातही 'वजा' आणि 'बाकी' हे दोन ओळखीचे शब्द बसले आहेत. म्हणजे आज आपण आपल्याच शब्दांनी गणित करणार आहोत.

गुणाकार काय दाखवतो?

समजा, अकोल्याच्या बाजारात एक हमाल काम करतो. तो पोती उचलतो. त्याला दिवसाला ५०० रुपये मजुरी मिळते. महिन्यातून त्याला २५ दिवस काम मिळते. म्हणजे त्याची महिन्याची कमाई ५०० × २५ = १२,५०० रुपये झाली.

या हमालाला खर्रा खाण्याची सवय आहे. खर्रा तुम्ही पाहिला असेल. सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र करून पानठेल्यावर तो घोटतात आणि पुडीत बांधून देतात. समजा, एका पुडीची किंमत ३० रुपये आहे आणि त्याला रोज दोन पुड्या लागतात. तुमच्या गावात भाव वेगळा असेल, तर तुमच्या गावचा आकडा घाला. गणिताची रीत बदलणार नाही.

एका दिवसाचा खर्च: ३० × २ = ६० रुपये.
एका महिन्याचा खर्च: ६० × ३० = १,८०० रुपये.
एका वर्षाचा खर्च: ६० × ३६५ = २१,९०० रुपये.

आता तुमच्यापैकी कोणी तरी विचारील, "सर, १,८०० ला १२ ने गुणले तर २१,६०० येतात. मग ३०० रुपये जास्त कसे?" प्रश्न चांगला आहे. ३० दिवसांचे १२ महिने म्हणजे ३६० दिवस. वर्षात मात्र ३६५ दिवस असतात. उरलेल्या पाच दिवसांचे ३०० रुपये झाले.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. हमालाला काम २५ दिवसच मिळते, पण पुडी मात्र ३० दिवस लागते. पाऊस असो, बाजार बंद असो, अंगात ताप असो, मजुरी थांबते. तल्लफ थांबत नाही. म्हणून मजुरीला आपण २५ ने गुणले आणि पुडीला ३० ने गुणले. व्यसनाचे गणित असे वेगळे असते.

आता बिडीचा हिशोब पाहू. पुस्तकात तुम्हांला 'विडी' हा शब्द दिसेल. आपल्या वऱ्हाडात तिला 'बिडी' म्हणतात. समजा, एक म्हातारे कास्तकार रोज २५ बिड्यांचे एक बंडल संपवतात. बंडलाची किंमत २५ रुपये धरू. दोन दिवसांना एक आगपेटी लागते. आगपेटी दोन रुपयांची, म्हणजे रोजचा एक रुपया. एकूण खर्च रोज २६ रुपये झाला. वर्षाला २६ × ३६५ = ९,४९० रुपये झाले. आगपेटीचेच वर्षाला ३६५ रुपये जातात, हे त्या कास्तकारांच्या कधी ध्यानातही आले नसेल.

एक बिडी साधारण ६ सेंटिमीटर लांब धरा. २५ बिड्या एकापुढे एक ठेवल्या तर १५० सेंटिमीटर, म्हणजे दीड मीटर लांबी होते. वर्षाला ५४७.५ मीटर होते. तीस वर्षांत ही रांग १६ किलोमीटरहून जास्त लांब होईल. अकोल्याहून अमरावतीच्या रस्त्याने निघाले, तर ती बोरगाव मंजूच्या आसपास पोचेल. एवढा लांब धूर एका माणसाच्या छातीत जातो.

मजुरीचे किती दिवस?

नुसत्या रकमेवरून खर्च मोठा की लहान, हे कळत नाही. श्रीमंताचे साठ रुपये आणि हमालाचे साठ रुपये सारखे नसतात. म्हणून खर्चाची तुलना कमाईशी करावी लागते. त्यासाठी शेकडा प्रमाण काढतात. उर्दूत तुम्ही त्याला फ़ीसद म्हणता.

रीत सोपी आहे. खर्चाला उत्पन्नाने भागा आणि १०० ने गुणा.

हमालाचा महिन्याचा खर्च १,८०० रुपये आणि कमाई १२,५०० रुपये.
१,८०० ÷ १२,५०० × १०० = १४.४

म्हणजे त्याच्या कमाईच्या प्रत्येक १०० रुपयांतून १४ रुपये ४० पैसे पुडीवर जातात. किराणा, भाडे, औषध, मुलांची फी हे सगळे उरलेल्या पैशांत बसवावे लागते.

हाच हिशोब दुसऱ्या रीतीने करा. वर्षाच्या खर्चाला एका दिवसाच्या मजुरीने भागा.

| सवय | वर्षाचा खर्च | मजुरीचे दिवस (रोज ५०० रुपये धरून) |
|---|---|---|
| बिडीचे एक बंडल व आगपेटी | ९,४९० रुपये | सुमारे १९ |
| खर्र्याच्या दोन पुड्या | २१,९०० रुपये | सुमारे ४४ |

हा तक्ता नीट पाहा. हमाल वर्षातले ४४ दिवस पाठीवर पोती वाहतो आणि त्या ४४ दिवसांची मजुरी घरी येत नाही. ती पानठेल्यावरच राहते. महिन्यात २५ दिवसच काम मिळते, हे तुम्हांला आठवत असेल. म्हणजे जवळजवळ पावणेदोन महिन्यांची मेहनत पुडीत बांधली गेली.

दहा वर्षांनी

दहावीच्या गणितात तुम्ही अंकगणिती श्रेढी शिकता. तिचा उपयोग येथे होतो. दहा वर्षे पुडीचा भाव तोच राहील, असे कोणी सांगू शकत नाही. समजा, दर वर्षी पुडी एक रुपयाने महागली. रोज दोन पुड्या, म्हणून वर्षाचा खर्च २ × ३६५ = ७३० रुपयांनी वाढेल.

पहिल्या वर्षी २१,९००, दुसऱ्या वर्षी २२,६३०, तिसऱ्या वर्षी २३,३६० अशी ही श्रेढी पुढे जाते. दहाव्या वर्षी खर्च २८,४७० रुपये होतो. सगळ्यांची बेरीज करायची आहे. पहिले आणि शेवटचे पद मिळवा: २१,९०० + २८,४७० = ५०,३७०. पदे दहा आहेत. दहाच्या निमपटीने, म्हणजे पाचने गुणा: ५०,३७० × ५ = २,५१,८५०.

दोन लाख एक्कावन्न हजार आठशे पन्नास रुपये! येथे आपण बँकेचे व्याज धरलेले नाही. हे फक्त खिशातून गेलेले पैसे आहेत. सुरुवातीला आपण ज्यांना 'लहान रक्कम' म्हणालो होतो, त्याच साठ रुपयांपासून हा आकडा तयार झाला आहे.

आकडे त्यांचे, गुणाकार तुमचा

एकदा नववीच्या वर्गाला मी हे गणित घरी करायला दिले. घरात कोणाला तंबाखूची सवय असेल, तर त्याचा वर्षाचा खर्च काढायचा होता. एक मुलगा उभा राहिला. तो म्हणाला, "सर, मी हे घरी दाखवले तर अब्बा रागावतील."

त्याची भीती खरी होती. आपल्या घरांत मोठ्यांना उलट बोलण्याची रीत नाही आणि ती नसावी. मी त्याला म्हणालो, "बेटा, हिशोब हे भांडण नाही. तू त्यांना काही शिकवू नकोस. फक्त विचार की रोज किती पुड्या लागतात आणि एक केवढ्याला मिळते. आकडे त्यांचे आणि गुणाकार तुझा."

पुढच्या आठवड्यात त्याने वही आणली. त्याने रोजच्या तीन पुड्या धरल्या होत्या. त्यांच्या गल्लीत पुडी २० रुपयांना मिळत होती. वर्षाचा खर्च २१,९०० रुपये लिहिला होता. पण त्यावर दुसऱ्या अक्षरात काट मारली होती आणि खाली २९,२०० असा आकडा होता.

"हे कोणी लिहिले?" मी विचारले.

तो म्हणाला, "अब्बांनी. ते म्हणाले, तुझा हिशोब चुकला. सकाळी कामावर जाताना एक पुडी घेतो, ती तू धरलीच नाहीस."

वर्ग हसला. मुलगा हसला नाही. तो म्हणाला, "मग ते बराच वेळ वही बघत बसले, सर."

त्या अब्बांनी एका दिवसात खर्रा सोडला, असे मी तुम्हांला सांगणार नाही. तसे झाले नाही. काही महिन्यांनी ते चारांवरून दोन पुड्यांवर आले. रोजचे ४० रुपये वाचू लागले. मुलाच्या लहान बहिणीला चष्मा लागला होता. त्याचे पैसे पहिल्या दोन महिन्यांतच निघाले. २० × २ × ६० = २,४०० रुपये. हा गुणाकार त्या मुलाने मला तोंडी सांगितला. आपल्याला पाढे येतात, याचा एवढा आनंद मी त्याच्या चेहऱ्यावर पूर्वी पाहिला नव्हता.

ही सवय आली कोठून?

काही लोक म्हणतात, "तंबाखू तर बापदादांपासून चालत आली आहे." हेही तारखेने तपासून पाहू. तंबाखूचे झाड मूळचे अमेरिका खंडातले. पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ते आपल्या देशात आणले. बादशहा अकबराचा एक सरदार असद बेग याला विजापुरात तंबाखू दिसली. सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला त्याने ती अकबराच्या दरबारात नेली. दरबारातील हकीमांना ती पसंत पडली नाही. पुढे १६१७ साली जहांगीर बादशहाने तंबाखू ओढण्यावर बंदी घातली. पण सवय फार वेगाने पसरली होती. म्हणजे ही रीत चारशे वर्षांची आहे आणि तिला विरोधही तेवढाच जुना आहे.

आज महाराष्ट्रात किती लोक तंबाखू घेतात? २०१६-१७ साली देशभर एक मोठे सर्वेक्षण झाले. त्यात १५ वर्षांवरील लोकांना विचारण्यात आले. महाराष्ट्रात शेकडा ३.८ लोक धूम्रपान करतात, शेकडा २४.४ लोक धूर नसलेली तंबाखू घेतात, म्हणजे खर्रा, गुटखा, चुना लावलेली तंबाखू यांसारखे पदार्थ वापरतात, आणि एकूण शेकडा २६.६ लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेतात, असे त्यात दिसून आले.

आता बेरीज करून पाहा. ३.८ + २४.४ = २८.२. पण एकूण आकडा २६.६ आहे. सर्वेक्षणात चूक झाली का? नाही. काही लोक बिडीही ओढतात आणि खर्राही खातात. ते दोन्ही ठिकाणी मोजले गेले. २८.२ मधून २६.६ वजा करा. उत्तर १.६ येते. शेकडा १.६ लोक दोन्ही करतात. नववीत तुम्ही संच शिकता. दोन संचांचा छेद म्हणतात तो हाच.

या आकड्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. आपल्या राज्यात धुरापेक्षा पुडीचे संकट मोठे आहे. धूर दिसतो, त्याचा वास येतो, घरचे लोक टोकतात. पुडी गालात दबून राहते आणि कोणाला दिसत नाही. जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्र शासनाने गुटखा आणि पानमसाला यांवर बंदी घातली. तरीही तोंडातली ही सवय गेलेली नाही.

दुकानाबाहेरचा खर्च

आतापर्यंत आपण फक्त पुडीची किंमत मोजली. खरा खर्च पुढे सुरू होतो. खर्रा खाणाऱ्याच्या गालाची आतली त्वचा हळूहळू कडक होते. तोंड कमी उघडू लागते. घास मोठा जात नाही, तिखट सोसत नाही. पुढे काहींना तोंडाचा कर्करोग होतो. "मी तंबाखू टाकत नाही, नुसती सुपारी खातो," असे सांगणारेही भेटतात. सुपारीनेही कर्करोग होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली जाहीर केले आहे. बिडीही पानात गुंडाळलेली असते म्हणून सौम्य नसते. तिचा धूर सिगारेटच्या धुरापेक्षा कमी घातक नाही.

आजार झाला की दवाखान्याचा खर्च येतो. त्याशिवाय रोजची मजुरी बुडते. घरातला आणखी एक माणूस रुग्णाजवळ बसतो, त्याचीही मजुरी बुडते. हा सगळा खर्च देशाच्या पातळीवर मोजला गेला आहे. २०१७-१८ या एका वर्षात तंबाखूमुळे झालेले आजार आणि मृत्यू यांमुळे भारताचे १,७७,३४१ कोटी रुपयांचे नुकसान झाले. त्या वेळची लोकसंख्या सुमारे १३० कोटी धरली, तर माणशी सुमारे १,३६० रुपये होतात. यात पाळण्यातले बाळही आले आणि ज्याने आयुष्यात तंबाखूला हात लावला नाही तोही आला.

हुशार मुले येथे विचारतात, "पण सर, तंबाखूवर कर लागतो. शासनाला त्यातून पैसे मिळतात ना?" मिळतात. पण त्याच अभ्यासात दिसून आले की तंबाखूवरील उत्पादन शुल्काचे उत्पन्न या नुकसानीच्या शेकडा १२ एवढेच होते. १०० रुपयांचे नुकसान आणि १२ रुपयांची जमा! असा व्यापार कोणता दुकानदार करील?

आयुष्याची वजाबाकी

काही हिशोब रुपयांत होत नाहीत. ते वर्षांत होतात. १९५१ साली ब्रिटनमध्ये रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या दोन संशोधकांनी एक अभ्यास सुरू केला. त्यांनी ३४,४३९ पुरुष डॉक्टरांना त्यांच्या धूम्रपानाच्या सवयीबद्दल विचारले आणि पुढे त्यांची माहिती ठेवली. पन्नास वर्षांचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. जन्मभर सिगारेट ओढणारे लोक, न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी १० वर्षे आधी मरण पावले.

पण त्याच अभ्यासात एक चांगली बातमीही होती. सिगारेट सोडणाऱ्यांना गेलेली वर्षे परत मिळत होती.

| सोडण्याचे वय | परत मिळालेली वर्षे (सुमारे) |
|---|---|
| ६० | ३ |
| ५० | ६ |
| ४० | ९ |
| ३० | १० |

३, ६, ९ या क्रमाने पुढचा आकडा १२ यायला हवा होता. तो १० का आला? कारण गमावलेली वर्षेच १० होती. त्याहून जास्त परत कशी मिळणार? तिसाव्या वर्षी सोडणाऱ्याला जवळजवळ सगळेच परत मिळाले. पण साठाव्या वर्षी सोडणाऱ्यालाही तीन वर्षे मिळाली, हे विसरू नका. तुमच्या घरी दादाजी म्हणत असतील की "आता या वयात सोडून काय फायदा?", तर उत्तर या तक्त्यात आहे. तीन वर्षांत नातीचे लग्न पाहता येते.

सोडता येते का?

तंबाखूत निकोटीन नावाचा पदार्थ असतो. त्याची शरीराला सवय होते. म्हणून सोडणाऱ्याला सुरुवातीचे दिवस जड जातात. डोके दुखते, चिडचिड होते, झोप लागत नाही. अशा वेळी त्याला टोमणे मारू नयेत. त्याला आधार द्यावा.

आपल्या मोहल्ल्यात दर वर्षी एक गोष्ट घडते. रमजानमध्ये रोजा ठेवणारा माणूस सहरीपासून इफ्तारपर्यंत बिडीला हात लावत नाही. जो एरवी तासाभरात दोन बिड्या ओढतो, तो तेरा-चौदा तास तिच्यावाचून राहतो आणि कामही करतो. म्हणजे सोडण्याची ताकद त्याच्यात आहे. ती इफ्तारनंतरही टिकावी, एवढेच करायचे आहे. अनेकांना हा महिना चांगली सुरुवात ठरतो.

मदतही मिळते. तंबाखू सोडण्यासाठी जिल्हा रुग्णालयांत समुपदेशन केले जाते. १८००-११-२३५६ हा शासनाचा मोफत दूरध्वनी क्रमांक आहे. तो तंबाखूच्या पाकिटावरही छापलेला असतो. जे पाकीट रोज खिशात असते, त्याच्यावरच सुटकेचा रस्ता लिहिलेला आहे. तो वाचून दाखवणारे कोणी तरी हवे. तुम्ही शिकलेले आहात. ते काम तुम्ही करू शकता.

तुमच्यासाठी कायदाही आहे. २००३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील मुलांना तंबाखू विकता येत नाही. शाळेपासून १०० यार्डांच्या आतही ती विकता येत नाही. पानठेल्यावर मोठ्यांसाठी पुडी आणायला तुम्हांला कोणी पाठवले, तर अदबीने सांगा की दुकानदाराने मला पुडी देणे गुन्हा आहे.

शेवटी एकच गणित उरले. ते सगळ्यांत सोपे आहे. ज्याने पहिली पुडी कधी घेतलीच नाही, त्याचा रोजचा खर्च ० रुपये. शून्याला ३६५ ने गुणा, दहा वर्षांनी गुणा, तीस वर्षांनी गुणा. उत्तर शून्यच येते. तुमच्यापैकी बहुतेकांचा हिशोब आज येथेच उभा आहे. मित्राने हात पुढे करून "एकदा घेऊन तर बघ" म्हटले, तर तो साठ रुपयांचा नव्हे, अडीच लाखांचा प्रश्न आहे, हे मनातल्या मनात गुणून पाहा आणि मग उत्तर द्या.

शब्दार्थ

गुणाकार – ज़र्ब
भागाकार – तक़सीम
वजाबाकी – तफ़रीक़
शेकडा – फ़ीसद
सरासरी – औसत
उत्पन्न – आमदनी
तल्लफ – तलब
व्यसन – लत, बुरी आदत
सर्वेक्षण – जायज़ा
बंदी – पाबंदी
कास्तकार – शेतकरी, किसान
समुपदेशन – समजावून सल्ला देणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) हमालाला महिन्यातून किती दिवस काम मिळते?
(आ) खर्रा कोणकोणत्या पदार्थांपासून तयार करतात?
(इ) जहांगीर बादशहाने तंबाखू ओढण्यावर बंदी कोणत्या साली घातली?
(ई) मुलाच्या वहीत आकडा कोणी बदलला?

प्रश्न २. रिकाम्या जागा योग्य शब्दांनी भरा.
(अ) मजुरी थांबते; ........ थांबत नाही.
(आ) आकडे त्यांचे आणि ........ तुझा.
(इ) आपल्या राज्यात धुरापेक्षा ........ संकट मोठे आहे.

प्रश्न ३. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ३.८ आणि २४.४ यांची बेरीज २६.६ का येत नाही?
(आ) "हिशोब हे भांडण नाही" असे सर का म्हणाले?
(इ) वही बघत बसलेल्या अब्बांच्या मनात काय आले असेल, असे तुम्हांला वाटते?

प्रश्न ४. गणिते सोडवा.
(अ) एक तरुण रोज १५ रुपयांची एक, अशा तीन सिगारेटी ओढतो. त्याचा एका वर्षाचा खर्च किती?
(आ) त्याची दिवसाची मजुरी ६०० रुपये असेल, तर या खर्चासाठी त्याला सुमारे किती दिवस काम करावे लागेल?
(इ) १ यार्ड = ०.९१४४ मीटर. तर १०० यार्ड म्हणजे किती मीटर?

प्रश्न ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
महाग, जमा, श्रीमंत, कडक, सुरुवात

प्रश्न ६. खालील वाक्ये भविष्यकाळात लिहा.
(अ) तो पोती उचलतो.
(आ) रोजचे चाळीस रुपये वाचू लागले.

उपक्रम : आपल्या शाळेच्या फाटकापासून १०० यार्डांचे अंतर पावलांनी मोजा. त्या अंतरात तंबाखू विकणारी दुकाने आहेत का, ते पाहा आणि आपल्या मुख्याध्यापकांना मराठीत एक लहान पत्र लिहा.